पडदा पडल्यानंतरचे नाटक

पडदा पडतो, टाळ्या विरतात, नेपथ्याचे सामान टेम्पोत चढते आणि नाटक संपते. मागे उरते ते वर्तमानपत्रातले परीक्षण. तेही महिनाअखेर रद्दीत जाते. जुनी कादंबरी कपाटातून काढून पुन्हा वाचता येते. पण न छापलेले नाटक शोधायचे कोठे? ऑस्ट्रेलियातील एका समीक्षिकेने या प्रश्नाचे उत्तर लेखातून न देता कृतीतून दिले.

त्यांचे नाव कॅथरिन ब्रिस्बेन. जन्म १९३२ चा. १९६७ ते १९७४ या काळात ‘द ऑस्ट्रेलियन’ या दैनिकासाठी त्या देशभरची नाटके पाहून परीक्षणे लिहीत. त्याच सुमारास तिथली रंगभूमी कूस बदलत होती. नाटक म्हणजे लंडनहून येणारी चीज, हा समज मागे टाकून तरुण नाटककार आपल्या गल्लीतली, आपल्या दारूच्या गुत्त्यातली भाषा रंगमंचावर आणत होते. अलेक्स ब्यूझो यांच्या ‘नॉर्म अँड अहमद’मध्ये एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ आणि एक पाकिस्तानी विद्यार्थी रात्री रस्त्यात भेटतात; त्यातल्या शिवराळ शब्दांवरून खटले झाले. डेव्हिड विल्यमसन यांचे ‘द रिमूव्हॅलिस्ट्स’ १९७१ साली मेलबर्नच्या ‘ला मामा’ या चिमुकल्या नाट्यगृहात आले. असे प्रयोग पाहणारे किती असणार? मोजकेच!

परीक्षण लिहून बाजूला होणे सोपे होते. ब्रिस्बेन यांनी पती फिलिप पार्सन्स यांच्यासह १९७१ मध्ये सिडनीत ‘करन्सी प्रेस’ काढली, ती केवळ नाटके छापण्यासाठी. वसाहतीच्या काळात इंग्लंडात जन्मलेल्यांना ‘स्टर्लिंग’, तर तिथल्या मातीत जन्मलेल्यांना ‘करन्सी’ म्हणत. नावातच बाणा होता.

समीक्षकाने प्रकाशक व्हावे का? न्यायाधीशानेच वकीलपत्र घेण्यासारखे हे नाही का? शंका रास्त आहे. पण आवडलेल्या नाटकामागे पदरचा पैसा उभा करणे, ही समीक्षकाच्या मताचीही कसोटीच असते.

या छपाईने काय साधले? तुरुंगात असताना रॉबर्ट मेरिट या आदिवासी लेखकाने लिहिलेले ‘द केक मॅन’ १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आले. जॅक डेव्हिस यांच्या ‘नो शुगर’मधली, सरकारी हुकुमाने घरादारातून हलवलेल्या आदिवासी कुटुंबाची कहाणी पुढे शाळांच्या वर्गात पोहोचली. नाट्यगृहाची पायरी कधी न चढलेल्या मुलांना आपल्या देशाचा दडवलेला इतिहास नाटकाच्या पुस्तकातून भेटला.

पार्सन्स १९९३ मध्ये गेले. त्यांनी संपादनास घेतलेला ऑस्ट्रेलियन रंगभूमीचा कोश १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रयोग नटांचा, टाळी प्रेक्षकांची. पण नाटकाची स्मृती छापील पानाने जपली जाते. तेव्हा पुढच्या खेपेला एखादे नाटक मनाला भिडले, तर घरी परतताना त्याचे पुस्तक मिळते का, एवढे जरूर विचारावे.