स्टेपर मोटारीचा ड्रायव्हर : निवड व जुळणी

स्वनविज्ञानाच्या अध्यापनात मुखमार्गाच्या प्रतिकृतींना विशेष स्थान आहे. चिबा व काजियामा या जपानी संशोधकांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापांच्या आधारे टोकियोच्या सोफिया विद्यापीठातील ताकायुकी आराई यांनी ॲक्रिलिकच्या १० मिलिमीटर जाडीच्या फळ्यांची प्रतिकृती सिद्ध केली. प्रत्येक फळीस ठराविक व्यासाचे छिद्र असते; फळ्या योग्य क्रमाने जोडून एका टोकास ध्वनी दिला म्हणजे दुसऱ्या टोकातून स्वर ऐकू येतो. अशा फळ्या घरी बांधलेल्या सीएनसी यंत्रावर कापता येतात. तथापि छिद्र खरोखर गोल निघेल की नाही, हे यंत्राच्या सांगाड्याइतकेच मोटारीस प्रवाह पुरविणाऱ्या ड्रायव्हरवरही अवलंबून असते. (त्यास ‘चालक’ म्हणावे असे आम्हां भाषाभ्यासकांस वाटेल, पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चालक मागणाऱ्यास दुकानदार बहुधा टॅक्सी दाखवील.)

सामान्य स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते. म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. ड्रायव्हर या पावलाचे १६, ३२ किंवा त्याहूनही अधिक सूक्ष्म भाग पाडतो, आणि जितके भाग अधिक तितके यंत्र अचूक, असा ग्राहकाचा समज होतो. हा समज टिकणारा नाही. मोटारीचे जे कमाल धारणबल असते, त्याचा १६ भागांच्या मांडणीत एका सूक्ष्म पावलाच्या वाट्यास जेमतेम दहावा हिस्सा येतो. ३२ भागांत विसावा. स्क्रूचे घर्षण याहून अधिक असल्यास पहिल्या एकदोन स्पंदांना मोटार हलतच नाही, आणि पुढे एकदम सरकते. वर्तुळ कापताना प्रत्येक अक्ष दोनदा दिशा पालटतो. नेमक्या त्या चार ठिकाणी हा दोष उमटतो. सूक्ष्म पावलांनी चाल मऊ होते व आवाज कमी होतो, हा लाभ खरा. अचूकता ही निराळी गोष्ट होय.

शिवाय त्यांची किंमत नियंत्रकास मोजावी लागते. ५ मिलिमीटर सरकविणारा स्क्रू व १६ भाग घेतल्यास मिलिमीटरला ६४० स्पंद लागतात. मिनिटास १,२०० मिलिमीटर वेगाला सेकंदास १२,८००. भाग ३२ केले की हा आकडा २५,६०० होतो, आणि आर्डुइनो उनोवर चालणाऱ्या ग्रबलची मर्यादा सुमारे ३०,००० आहे.

निवडताना प्रथम पाहावयाचा तो प्रवाह व विद्युद्दाब. वेग वाढला की वेटोळ्याचा इंडक्टन्स प्रवाहास वाढू देत नाही व बळ घटते. म्हणूनच ३ व्होल्टच्या मोटारीस ३६ व्होल्ट देतात, आणि ड्रायव्हर प्रवाह वारंवार तोडून तो मर्यादेत ठेवतो. नेमा २३ मापाच्या, ३ अँपियरच्या मोटारीस ए४९८८ ची चिमुकली पाटी पुरणार नाही; २० ते ५० व्होल्टचा व ४.२ अँपियर शिखरप्रवाहाचा डीएम५४२ योग्य. छोट्या मोटारींस मात्र ए४९८८ चालतो.

त्याच्या जुळणीत एक धोका आहे. संदर्भ-व्होल्टेज म्हणजे प्रवाह, रोधाचे मूल्य व ८ यांचा गुणाकार. रोध ०.१ ओहमचा असल्यास ०.८ व्होल्टला १ अँपियर मिळतो. परंतु बाजारात ०.०५ ओहमच्या पाट्याही येतात, आणि त्यांवर तेच ०.८ व्होल्ट २ अँपियर देतात. तेव्हा दुसऱ्याचा आकडा उतरून घेण्यापूर्वी पाटीवरील रोध वाचावा. वीज चालू असता मोटारीची तार काढू नये, ड्रायव्हर जळतो.

त्यानंतर वेग व त्वरण थोडेथोडे वाढवावे. पाऊल चुकले तरी नियंत्रकास कळत नाही. पुढील सारी छिद्रे सरकतात. यासाठी अक्षावर डायल गेज लावून तो शेपन्नास वेळा मागेपुढे न्यावा व शून्यावर परत आणावा. काटा परत आला नाही, तर त्वरण प्रथम उतरवावे, वेग नंतर. जो आकडा टिकेल त्याहून पाचवा हिस्सा कमी ठेवून मगच ॲक्रिलिक बसवावे.