तांब्यावर नाव घालणारा किरण

लग्नसराईतल्या भांडीखरेदीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. त्यासाठी पुण्यात तुळशीबागेच्या आसपासची दुकानं फिरत होतो. एका दुकानाच्या कोपऱ्यात टेबलावर पत्र्याची एक पेटी दिसली आणि भांडी बाजूलाच राहिली. पेटीत वर-खाली सरकणारा खांब, खांबाला लावलेलं लांबट डोकं, डोक्याच्या तळाशी भिंग, आणि बाहेर एक जुना लॅपटॉप. गिऱ्हाईक चिठ्ठीवर मजकूर लिहून देत होतं आणि थोड्याच वेळात तो स्टीलच्या डब्यावर काळाभोर उमटून बाहेर येत होता.

भांड्यावर नाव घालणं ही आपल्याकडची फार जुनी रीत. आहेराच्या परातीवर देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. शेजारी गेलेली वाटी ओळखून परत यावी म्हणून घरच्यांची आद्याक्षरं. मंडळाच्या पातेल्यांवर मंडळाचं नाव, आणि कुणाच्या तरी स्मरणार्थ देवळात दिलेल्या समईवर त्या माणसाचं. पूर्वी ही अक्षरं छिन्नी-हातोडीने ठिपक्याला ठिपका जोडून निघायची. मग विजेचं पेन आलं. त्याचं टोक थरथरतं आणि धातूवर ओरखडा उमटवत जातं. या दुकानातल्या काकांनी उमेदीची सारी वर्षं त्या पेनावर काढली. त्यांचं अक्षर असं की स्टीलच्या पेल्यावरही पाटीवर लिहिल्यासारखं सरळ यायचं. आता पेटीसमोर त्यांची सून बसते आणि पेन ड्रॉवरमध्ये असतं.

पेटीतलं यंत्र म्हणजे वीस वॅटचा फायबर लेसर. वीस वॅट म्हणजे घरातला एखादा एलईडी दिवा. एवढ्याशा शक्तीवर पोलाद कसं कोरलं जातं, हा प्रश्न मला सोडेना. उत्तर आहे ठोक्यात. हा किरण सलग पडत नाही, तुकड्यातुकड्यांनी पडतो. सेकंदाला वीस हजार ठोके धरले तर प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला एक मिलिज्यूल ऊर्जा येते. पण तो ठोका टिकतो सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढा. तेवढ्या क्षणापुरती त्याची ताकद दहा हजार वॅटपर्यंत चढते, आणि ती सगळी केसाहून बारीक ठिपक्यावर एकवटते. तिथला धातू वितळतो, उडून जातो, आणि शेजारचं भांडं हाताला जेमतेम कोमट लागतं.

लेसरचा इतिहास थोडक्यात सांगतो. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली अमेरिकेत माणकाच्या कांडीतून काढला. काचतंतूतून प्रकाश नेण्याच्या विद्येचे एक जनक पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी. काचेत दुर्मीळ मूलद्रव्य मिसळून त्यातून लेसर मिळवायचं काम एलियास स्निट्झर यांनी साठच्याच दशकात केलं. आणि १९६४च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर घडवणारे सी. कुमार पटेल हे तर बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून गेलेले. लाकडी नावाच्या पाट्या, ॲक्रिलिकची सजावट, नक्षीदार लग्नपत्रिका आज ज्यावर कापल्या जातात तो लेसर यांचा. आपल्या किती लोकांना हे ठाऊक आहे, याची मला शंका आहे.

पण पटेलांचा किरण उघड्या धातूपुढे अडतो. त्याची तरंगलांबी सुमारे १०,६०० नॅनोमीटर. लहान यंत्रातला तो किरण चकचकीत भांड्यावरून परतून जातो. फायबर लेसरची तरंगलांबी त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी, १,०६४ नॅनोमीटर, आणि पोलाद ती बऱ्यापैकी शोषून घेतं. यटर्बियम हे तसंच एक दुर्मीळ मूलद्रव्य मिसळलेल्या काचतंतूत डायोडचा प्रकाश सोडायचा, तंतूच्याच पोटात कोरलेल्या सूक्ष्म जाळ्या आरशांचं काम करतात, आणि दुसऱ्या टोकाने किरण तयार होऊन बाहेर पडतो. आरसे हलायची भीती नाही, गॅस भरायचा नाही, पाण्याचा पंप नाही. थंड ठेवायला पंखा पुरतो. म्हणून तर तो भांड्यांच्या दुकानात येऊन बसू शकला. सोन्याच्या दागिन्यांवर १ जुलै २०२१ पासून जो सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक येऊ लागला, तोही हॉलमार्किंग केंद्रांत लेसरनेच उमटवतात. अंगठीच्या आतल्या बाजूला भिंग लावून बघा.

यंत्राचं डोकं मात्र मी मनसोक्त बघून घेतलं. भांडं जागचं हलत नाही, डोकंही हलत नाही, तरी अक्षर उमटत जातं. आत दोन चिमुकले आरसे आहेत, एक आडव्या दिशेचा, एक उभ्या. प्रत्येक आरसा एका छोट्या मोटरच्या टोकावर बसवलेला; ती गरगर फिरत नाही, नुसती अंशाअंशाने डुलते. त्या डुलण्याने किरण भांड्यावर हवा तिथे जातो. खालचं भिंग असं घासलेलं असतं की किरण मधे पडो की कडेला, ठिपका एकाच सपाटीवर बारीक राहावा. या यंत्राचं क्षेत्र ११० मिलिमीटर बाय ११० मिलिमीटर. त्यात ‘सौ. व श्री.’पासून ‘सप्रेम भेट’पर्यंत सगळं बसतं. आरसे चालू लागले की किर्र असा बारीक आवाज येतो आणि अक्षर बदललं की त्याचा सूर बदलतो. सुनेला आता नुसत्या आवाजावरून कळतं की मजकूर कुठवर आला.

तिची खरी ठेव म्हणजे एक वही. शाळेची, दोनशे पानी, कव्हर घातलेली. ‘स्टील काळं’, ‘स्टील पांढरं’, ‘पितळ खोल’, ‘तांबं’, ‘रंगीत बाटली’ अशी पानं, आणि प्रत्येक पानावर वेग, शक्ती, ठोक्यांची संख्या, रेघांमधलं अंतर. यंत्र विकणाऱ्याने दिलेले आकडे पहिल्या पानावर होते, त्यांवर काट मारलेली आहे. स्टीलवर काळं अक्षर हवं असेल तर धातू उडवायचा नाही, तापवायचा: वेग कमी, ठोके जास्त, आणि भिंग नेमक्या उंचीपासून किंचित हटवलेलं. मग पृष्ठभागावर ऑक्साइडचा दाट थर धरतो आणि अक्षर बोटाला लागत नाही, फक्त दिसतं. पांढरं हवं असेल तर उलट, वेग भरपूर आणि ठोका जोरकस. रंगीत ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमच्या बाटलीवर नुसता वरचा रंग उडवला की झालं. ते काम सगळ्यात सोपं. पितळेवर नाव खोल घालायचं तर एकाच अक्षरावरून पुन्हा पुन्हा जायचं, आणि दर फेरीला रेघांचा कोन बदलायचा, नाहीतर तळाशी चर पडतात.

मोठी अडचण आली ती मराठीची. यंत्राबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये थेट देवनागरी टाकली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जायची, रफार सुटा पडायचा, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. ‘स्मरणार्थ’ हा शब्द तर ओळखू येत नसे. वाट तिने स्वतःच शोधली. मजकूर आधी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा, अक्षरांच्या रेषा करून घ्यायच्या आणि ते चित्र म्हणून यंत्राला द्यायचं. तरीही पायाखालचं पेडल दाबण्याआधी ती लॅपटॉप सासऱ्यांकडे वळवते. काका चष्मा कपाळावरून खाली घेतात, ओठ हलवत वाचतात आणि म्हणतात, “ज्येष्ठ मधला ठ बघ. बाकी ठीक.” मग लाल ठिपका भांड्यावर चौकट आखून दाखवतो, ती भांडं बोटाने सरळ करते, पेटीचं दार लावते आणि पेडल दाबते. पेनाच्या दिवसांत काका स्वतःच लिहीत आणि स्वतःच तपासत. आज त्यांच्या हातचं अक्षर भांड्यावर उतरत नाही याचं मला वाईट वाटलं. पण त्यांची नजर अजून प्रत्येक नावावरून फिरते आणि त्या दुकानातून चुकलेलं नाव सहसा बाहेर पडत नाही, हेही तितकंच खरं.

धातूंचे हट्ट वेगळेच. तांबं, चांदी, सोनं हा किरणसुद्धा मोठ्या प्रमाणात परतवतात. परतलेला किरण सरळ आल्या वाटेने मागे गेला तर यंत्राचाच स्रोत दुखावू शकतो, म्हणून चकचकीत तुकडा किंचित तिरका ठेवतात. कलश, लोटी, तांब्या यांचं तर अंगच गोल. भिंगापासूनची उंची एखाद-दोन मिलिमीटरने बदलली की अक्षराची कड फिकी पडते. त्यासाठी भांडं फिरवणारं जोडयंत्र मिळतं, पण गळ्याशी निमुळत्या होत गेलेल्या पोटावर तेही पुरतं उपयोगी पडत नाही. काका अशा भांड्यावर नाव चार ओळींऐवजी दोन ओळींत आखायला सांगतात.

आणि गंज. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा एक अदृश्य थर धरलेला असतो. काळं अक्षर उमटवताना नेमका तोच थर बिघडतो. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये सुमारे अठरा टक्के क्रोमियम असतं, ते बरंच सोसतं. स्वस्तातल्या डब्यावर मात्र मिठाचं, चिंचेचं पाणी लागत राहिलं की काही महिन्यांत नावाच्या कडेने तांबूस डाग दिसू लागतात. कारखान्यांत अशा खुणा सायट्रिक ॲसिडच्या द्रावणातून काढून थर पुन्हा धरवतात. इथे सून गिऱ्हाइकाला एवढंच बजावते: नाव आतून नको, बाहेरून काठाखाली घ्या, आणि घासणीने खरवडू नका.

हे सगळं निभतं. मला काळजी वाटते ती डोळ्यांची. १,०६४ नॅनोमीटरचा प्रकाश माणसाला दिसत नाही. कोरताना जी पांढरी ठिणगी दिसते ती धातूची; किरण अदृश्यच. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्यातलं भिंग तो किरण इमानाने गोळा करून थेट पडद्यावर टेकवतं. पडद्याला वेदना कळत नाही. जळलेली जागा पुन्हा भरून येत नाही. किरण सरळच डोळ्यात जायला हवा असं नाही. चकचकीत ताटाच्या काठावरून उसळलेला पुरतो. हे यंत्र लेसरच्या सर्वांत धोकादायक, चौथ्या वर्गातलं आहे. आणि प्रदर्शनांत, बाजारात हेच यंत्र उघड्या टेबलावर मांडलेलं मी पाहतो. भोवती गिऱ्हाइकं वाकून बघत असतात, पोरं हनुवटी टेबलाला लावून उभी असतात, कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढत असतं.

धुराचंही तसंच. पितळेतलं जस्त धुरातून छातीत गेलं की रात्री अंगात कणकण भरते. स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असतं, आणि तो रोजच्या रोज घेतला तर फुप्फुसांना महागात पडतो. एका दिवसात काही जाणवत नाही, म्हणून दुकानदार पंखा लावून भागवतात. पंखा तो धूर खोलीभर पसरवतो.

या दुकानातली पत्र्याची पेटी सुनेच्या नवऱ्याने बनवून घेतली आहे. दार उघडलं की यंत्र बंद पडावं असा स्विच बसवलाय, बघायच्या खिडकीला १,०६४ नॅनोमीटरसाठीचीच काच आहे, आणि मागून एक नळी धूर थेट गच्चीवर नेते. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता, असं ती म्हणाली.

घरी छंदासाठी किंवा धंद्यासाठी हे यंत्र घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बंद पेटीचंच यंत्र घ्या, नाहीतर पेटी आधी बनवा आणि यंत्र नंतर लावा. बरोबर येणाऱ्या चष्म्याच्या काचेचा रंग बघून समाधान मानू नका. काचेवर तरंगलांबी छापलेली असते. तिच्या टप्प्यात १,०६४ आहे का, आणि त्यापुढचा ओडी आकडा किती, ते वाचा. ओडी ६ म्हणजे किरणाचा दहा लाखांतला एकच भाग आत येतो. काचेवर काहीच छापलेलं नसेल तर तो चष्मा घालू नका. आणि तांब्यावर नाव घालून घ्यायला गेलात आणि समोर उघडं यंत्र दिसलं, तर लेकराला हाताशी धरून बाहेर थांबा आणि दुकानदाराला झाकण लावायला सांगा.