संगणकीय कालगणना

संगणकाच्या स्मृतीत दिनांक व वेळ अंकरूपाने साठविण्याची पद्धत. युनिक्स व तिच्या धर्तीवरील प्रणालींत १ जानेवारी १९७० च्या प्रारंभापासून (समन्वित जागतिक वेळेनुसार) लोटलेल्या सेकंदांच्या संख्येने काळ दर्शवितात. ही संख्या दीर्घकाळ ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात ठेवीत असत. त्यात मावणारी कमाल संख्या २,१४,७४,८३,६४७ असल्याने ही गणना १९ जानेवारी २०३८ रोजी ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांपर्यंतच (भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद) चालते. त्यापुढील सेकंदाला संख्या सामान्यतः ऋण होऊन दिनांक १३ डिसेंबर १९०१ असा वाचला जातो. ६४ बिटांचा पूर्णांक योजल्यास ही मर्यादा सु. २९२ अब्ज वर्षे पुढे जाते.

हा प्रश्न मुख्यत्वे ३२ बिटांच्या प्रक्रियकांपुरता उरला आहे. असे प्रक्रियकही ६४ बिटांच्या संख्या दोन भागांत हाताळू शकतात. त्यामुळे खरी अडचण यंत्राची नसून आज्ञावलींनी आपापसांत पाळावयाच्या संकेताची आहे. एका आज्ञावलीने वेळ ८ बाइटांत लिहिली व तिच्याशी जोडलेल्या दुसरीने ती ४ बाइटांत वाचली, तर तिच्यापुढील माहितीची स्थाने चुकतात आणि हा दोष बहुधा जोडणीच्या वेळी उघडकीस येत नाही. म्हणून परस्परावलंबी आज्ञावली एकत्रच नव्याने बांधाव्या लागतात.

ओपनबीएसडी या प्रणालीने २०१४ मध्ये जुना संकेत सोडून सर्व प्रक्रियकांवर ६४ बिटांची वेळ स्वीकारली. लिनक्समध्ये जुन्या आज्ञावली चालू ठेवून २०१९ मध्ये ३२ बिटांच्या प्रक्रियकांसाठी वेगळ्या प्रणाली-हाका पुरविण्यात आल्या. जीएनयू सी ग्रंथालयाने २०२१ मध्ये बांधणीच्या वेळी रुंद प्रकार निवडण्याची सोय केली. मात्र त्यासोबत फायलींतील स्थानांकही ६४ बिटांचा घ्यावा लागतो. डेबियनने २०२४ मध्ये ३२ बिटांच्या आर्म प्रक्रियकांसाठी हा बदल करताना बाधित ग्रंथालयांच्या संचांची नावे बदलली. त्यामुळे जुने व नवे भाग नकळत एकत्र येण्याचे टळले. इंटेल कुलातील ३२ बिटांच्या प्रक्रियकांसाठी मात्र तिने जुनाच प्रकार ठेवला. कारण मूळ संहिता उपलब्ध नसलेल्या जुन्या आज्ञावली चालविणे हाच तेथील एक प्रमुख उपयोग होय.

नव्या बांधणीनेही सर्व दोष जात नाहीत. संहितेत वेळ साध्या पूर्णांकात उतरवून घेतली असल्यास वरचे बिट गळतात. तसेच ईएक्सटी३ सारख्या जुन्या फाइलरचनांत वेळेसाठी ३२ बिटच राखलेले असल्याने साठविलेल्या माहितीचे स्थलांतर स्वतंत्रपणे करावे लागते.