खोली पाहिजे, अंबाजोगाईत

सकाळी ७. ताईंचा फोन मेसवरून. मागे भाकऱ्या थापल्याचा आवाज. "अकराला सुटते, तवा निघू." दसरा झाला, नवरा भावासोबत ऊसतोडीला कर्नाटकात गेला. दोन पोरींच्या शाळेसाठी ताईंनी यंदा कोयता सोडलाय, मेसवर स्वयंपाकाला लागल्यात. पगार नऊ हजार. भाडं अडीच हजारांच्या पुढं झेपणार नाही.

११.३०. वैद्यकीय महाविद्यालयाच्या आसपासच्या गल्ल्या. पाट्या भरपूर, खाली लिहिलेलं: फक्त विद्यार्थ्यांसाठी. एका खोलीत चार कॉट, कॉटला दीड हजार, म्हणजे महिन्याला सहा हजार. घर बांधायला कर्ज काढलेला मालक ते का सोडेल? पण त्याच विद्यार्थ्यांचं जेवण रांधणाऱ्या बाईसाठी या गावात कुणीच खोल्या बांधल्या नाहीत, हे मला सहन होत नाही.

१.००. मोंढ्यामागची खोली ताईंना आवडली. ओटा, न्हाणी, दारात नळ. बावीसशे भाडं, लाइटबिल वेगळं. व्यवहार ठरला.

"मालक कुठंयत तुमचे?" घरमालकीण काकूंनी विचारलं.

"ऊसतोडीला."

"आडनाव काय म्हणलात?"

ताईंनी सांगितलं. काकू आत गेल्या, बाहेर आल्या. "आमच्याकडं पाव्हणे येणार हायेत, खोली लागंल."

भाडं ठरल्यावरच हे पाहुणे निघतात. पैशाची अडचण असेल तर हप्ते पाडता येतात, घासाघीस करता येते. आडनावापुढं माझं काहीच चालत नाही. ताई रस्ताभर बोलल्या नाहीत. चारला त्यांना मेसवर परत जायचं होतं.

५.३०. मी एकटीच. योगेश्वरी मंदिराच्या बाजूला एक निवृत्त शिक्षिका. चोवीसशे भाडं, पाच हजार डिपॉझिट, तेही दोन हप्त्यांत. जात विचारली नाही. पाणी जपून वापरा, एवढंच म्हणाल्या.

"अकरा महिन्यांचं बाँडवर लिहून ठेवू, बास."

इथं मी हटून बसले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. जबाबदारी घरमालकाची, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. बाईंना घाबरवायचं नव्हतं. पण गॅसला, बँकेला पत्त्याचा कागद लागतो, आणि उद्या कुणी "निघा" म्हटलं तर ताईंच्या हातात दुसरं काय असणार?

"सोमवारी नोंदवू. खर्च निम्मा-निम्मा," शेवटी बाई म्हणाल्या.

८.३०. मेसच्या दारात ताईंना सांगितलं. पहिला प्रश्न: "त्यांना आडनाव सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग उद्या पोरींना दाखवते."