वळणावर कान फसतो!



घाटातील वळण वेगाने घेणारा मोटारसायकलस्वार तुम्ही पाहिला असेलच. पुढच्या वेळी त्याच्या डोक्याकडे नीट लक्ष द्या. गाडी आत कलते, तिच्याबरोबर त्याचे धडही कलते, पण डोके मात्र जवळजवळ सरळ राहते. त्याच्या दोन्ही डोळ्यांना जोडणारी रेषा क्षितिजाला समांतर असते आणि नजर वळणाच्या पुढच्या टोकाकडे असते. असे का बरे? आणि असेच वळण घेणारा विमानाचा वैमानिक ढगात शिरला, की डोके शक्य तितके स्थिर का ठेवतो?

आधी थोडे गणित करू. समजा, स्वाराचा वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर आहे आणि वळणाची त्रिज्या ४० मीटर आहे. वेगाच्या वर्गाला त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागले, की कलण्याच्या कोनाचे टॅन गुणोत्तर मिळते. २२५ भागिले ३९२ म्हणजे सुमारे ०.५७. याचा अर्थ स्वाराला ३० अंश कलावे लागेल. आता सेकंदाला १०० मीटर वेगाने जाणारे विमान घ्या. तेही ३० अंश कलून वळले, तर त्याच्या वळणाची त्रिज्या सुमारे १,७७० मीटर येईल. कल तोच, पण काटकोनात वळायला मोटारसायकलला लागतात सुमारे ४ सेकंद आणि विमानाला सुमारे २८ सेकंद! हा फरक लक्षात ठेवा; पुढे तो कामाला येणार आहे.

वळणाऱ्या वाहनात बसून विचार केला, तर आपल्यावर दोन बले दिसतात: खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण आणि बाहेर ढकलणारे केंद्रोत्सारी बल. वाहन योग्य तेवढे कलले, की या दोहोंचे परिणामी बल बरोबर आसनाच्या दिशेने लागते. म्हणूनच नीट वळणाऱ्या विमानात प्रवाशाच्या पेल्यातले पाणी सांडत नाही. विमान ३० अंश कललेले असले, तरी पाण्याची पातळी विमानाच्या जमिनीला समांतर राहते.

आपल्या अंतर्कर्णातही असाच एक ओळंबा आहे. तेथे बारीक केसांसारख्या तंतूंवर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. बलाच्या दिशेने ते सरकतात आणि ‘खाली’ कोठे आहे ते मेंदूला कळते. गवंड्याचा ओळंबा भिंतीशेजारी स्थिर असतो. हा ओळंबा मात्र वाहनाबरोबर वळत असतो. त्याला गुरुत्वाकर्षण आणि परिणामी बल यांतला भेद कळत नाही. त्यामुळे कललेल्या विमानातही तो सांगतो, “सारे सरळ आहे.”

मग वळणे कळते कसे? त्यासाठी अंतर्कर्णात परस्परांशी जवळजवळ काटकोन करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांत द्रव असतो. त्यांचे काम समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यावर चिमूटभर हळद टाका. भांडे फिरत्या स्टुलाच्या मधोमध ठेवा आणि स्टूल एकसारखे फिरवत राहा. सुरुवातीला भांडे फिरते, पण जडत्वामुळे पाणी मागे राहते. काही वेळाने पाणीही भांड्याच्या गतीने फिरू लागते. आता स्टूल थांबवा. भांडे थांबले, तरी पाणी फिरतच राहते!

नलिकांतही असेच घडते. डोके फिरू लागले, की द्रव मागे राहतो, नलिकेतला पातळ पडदा वाकतो आणि मेंदूला संदेश जातो. परंतु एकसारखे फिरत राहिलात, तर १० ते २० सेकंदांत पडदा पूर्वस्थितीत येतो आणि फिरण्याची जाणीव नाहीशी होते. फिरणे थांबवले, की उलट दिशेने फिरल्याचा भास होतो. अंतर्कर्णाच्या या यंत्रणेवरील संशोधनासाठी रॉबर्ट बाराणी यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ते ४ आणि २८ सेकंद आठवा. मोटारसायकलचे वळण संपेपर्यंत नलिका खरेच सांगत असतात. विमानाचे वळण मात्र इतके चालते, की नलिका मध्येच गप्प होतात. अशा वेळी वैमानिकाने विमान सरळ केले, तर आपण उलट बाजूला वळलो असे त्याला वाटते. त्या भासावर विश्वासून तो विमान पुन्हा पहिल्याच बाजूला कलवतो.

डोके हलवले तर गोंधळ आणखी वाढतो. पडलेली पेन्सिल उचलायला वैमानिक झटकन खाली वाकला, असे समजा. वळणाच्या प्रतलात स्थिरावलेली नलिका त्या प्रतलातून बाहेर पडते आणि दुसरी आत येते. एक म्हणते “फिरणे थांबले”, दुसरी म्हणते “नवे फिरणे सुरू झाले”. विमान कोलांटी खात आहे असा भास त्याला होऊ शकतो. स्वाराची मान वळली, तरी नलिका अजून स्थिरावलेल्या नसल्यामुळे असा घोटाळा होत नाही.

मग स्वार डोके सरळ का ठेवतो? गंमत अशी, की डोके सरळ ठेवले म्हणजे त्याचा आतला ओळंबा “डोके बाहेर कलले आहे” असे सांगू लागतो. पण समोर रस्ता, झाडे, क्षितिज स्पष्ट दिसत असते. मेंदू कानापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवतो, आणि डोळे क्षितिजाला समांतर असले की त्याचे काम सोपे होते. स्वच्छ हवेत वैमानिकही नकळत असेच डोके कलवतात. ढगात किंवा काळोख्या समुद्रावर क्षितिजच नाहीसे होते. मग उरतो तो फसवा कान.

यावर उपाय म्हणजे जायरोस्कोपवर चालणारे ‘कृत्रिम क्षितिज’. वेगाने फिरणारे चाक आपल्या अक्षाची दिशा सहजी सोडत नाही, या तत्त्वावर ते विमानाचा कल दाखवते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून, बाहेर न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवून उतरवले.

पण उपकरणही बिघडू शकते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्युमुखी पडले. विमान उजवीकडे वळून सरळ झाले होते, पण मुख्य वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज उजवा कलच दाखवत राहिले, असे तपासात आढळले. त्यांनी विमान डावीकडे कलवले, ते कलतच गेले. खाली काळा समुद्र होता. चूक दाखवणारे क्षितिज बाहेर नव्हते. सहवैमानिकासमोर वेगळे उपकरण होते, पण त्याच्या आधारे विमान वेळीच सावरता आले नाही.

म्हणूनच वैमानिकांना शिकवतात, की एकाच काट्यावर विसंबू नका, उपकरणे एकमेकांशी ताडून पाहा, आणि ‘मला असे वाटते’ हा पुरावा मानू नका. शाळेतल्या प्रयोगशाळेतही आपण एकच वाचन न घेता तीन-चार वाचने घेतो, ते याच कारणासाठी.

फिरत्या स्टुलावर डोळे मिटून बसून हा भास तुम्हालाही अनुभवता येईल. मात्र शिक्षकांना जवळ उभे राहायला सांगा आणि स्टूल सावकाश फिरवा. थांबल्यावर लगेच उठू नका. कोणत्या बाजूला फिरत आहोत ते बोटाने दाखवा, आणि मग डोळे उघडा!