रग्बी विश्वचषकाची शेवटची जागा दुबईत कशी ठरली?



आपल्या वार्तापत्रात खेळाविषयी लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप क्रिकेटकडे वळते. ते साहजिकच आहे. पण इथे आखातात वाढणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलांना शाळेत आणखी एक चेंडू भेटतो, लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता. घरी आईवडिलांना त्यातले फारसे कळत नाही आणि "हा धसमुसळा खेळ आपला नाही" असे म्हणून विषय संपतो.

आम्हांला मात्र वाटते की विषय तिथे संपू नये. २०२७ चा रग्बी विश्वचषक ऑस्ट्रेलियात १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर या काळात होणार आहे. त्यात २४ संघ आहेत आणि त्यातल्या शेवटच्या, चोविसाव्या संघाचे नाव ठरले ते आपल्या दुबईत, अल ऐन रस्त्यावरच्या 'द सेव्हन्स' मैदानावर, नोव्हेंबर २०२५ मध्ये. शिवाय आपण राहतो तो यू.ए.ई. देश त्या जागेच्या शर्यतीत बराच पुढे गेला होता. ही शर्यत कशी चालते ते आज समजून घेऊ.

आधी आमंत्रण, मग परीक्षा

पहिला रग्बी विश्वचषक १९८७ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने मिळून भरवला. त्यात १६ संघ होते, पण पात्रता फेरी वगैरे काही नव्हती. खेळाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे सभासद देश खेळले आणि बाकीच्यांना आमंत्रणे गेली. वर्णभेदी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिका बाहेर होती. लग्नाच्या पंगतीसारखाच प्रकार, यजमानाने बोलावले तर पान, नाही तर नाही. पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या सामोआला (तेव्हाचे नाव पश्चिम सामोआ) त्या वेळी पान मिळाले नव्हते.

१९९१ पासून पद्धत बदलली. आधीच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठलेल्या आठ संघांना थेट प्रवेश आणि उरलेल्या आठ जागांसाठी जगाच्या वेगवेगळ्या भागांत सामने. या परीक्षेतून पहिल्यांदाच आत आलेल्या सामोआने काय केले? कार्डिफमध्ये, खुद्द वेल्सच्या घरी, वेल्सला १६–१३ असे हरवले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. चार वर्षांपूर्वी ज्यांना आमंत्रणही नव्हते त्यांनी यजमानांनाच घरी बसवले! पात्रता फेरी कशासाठी हवी, याचे याहून चांगले उत्तर नाही.

पुढे १९९९ मध्ये संघ २० झाले आणि आता २०२७ साठी २४.

चोवीस जागांचा हिशेब

आपण सगळे हिशेबाला पक्के, तेव्हा सरळ आकडेच मांडतो.

१. थेट प्रवेश, १२ जागा. २०२३ च्या फ्रान्समधल्या स्पर्धेत चार गट होते. प्रत्येक गटातले पहिले तीन संघ २०२७ साठी तिथेच पात्र ठरले. न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड वगैरे मातब्बर मंडळी यातच आली. आशियातला जपानही यातच आला.

२. युरोप, ४ जागा. जॉर्जिया, स्पेन, रुमानिया, पोर्तुगाल.

३. पॅसिफिक आणि उत्तर अमेरिका, ३ जागा. 'पॅसिफिक नेशन्स कप' या स्पर्धेतून टोंगा, कॅनडा आणि अमेरिका आत आले. सामोआ मात्र राहिला.

४. आफ्रिका, १ जागा. झिंबाब्वे.

५. आशिया, १ जागा. हाँगकाँग.

६. दक्षिण अमेरिका, १ जागा. उरुग्वे.

७. दक्षिण अमेरिका आणि पॅसिफिक यांच्यातली जोडलढत, १ जागा. चिली आणि सामोआ यांच्यात दोन सामने झाले. पहिला ३२–३२ असा बरोबरीत सुटला, दुसरा चिलीने आपल्या घरी ३१–१२ असा जिंकला. जागा चिलीची.

८. अंतिम पात्रता स्पर्धा, १ जागा. हीच ती दुबईतली.

बेरीज करून पाहा, बरोबर २४.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. विभागवार जागा म्हणजे जगातले सर्वांत बलवान २४ संघ निवडणे नव्हे. तसे करायचे असते तर क्रमवारीची यादी समोर ठेवून वरचे २४ घेतले की काम झाले असते. पण मग आशियात किंवा आफ्रिकेत कोणी मैदाने कशाला बांधील आणि सरकार पैसे तरी कशाला देईल? आपल्या विभागात पहिले आलो तर विश्वचषक गाठता येतो, ही आशा असली की दहा-पंधरा वर्षांची मेहनत करायला माणसे तयार होतात.

याची दुसरी बाजूही आहे. दुबळा संघ बलाढ्य संघासमोर उभा राहिला की कधी कधी सामना बघवत नाही. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाने नामिबियाला १४२–० असे हरवले होते. १९९५ मध्ये न्यूझीलंडने जपानला १४५–१७ असे झोडपले होते. अशा वेळी "या संघांना बोलावताच कशाला?" असा सूर निघतो. पण त्याच जपानने २०१५ मध्ये ब्रायटनला दक्षिण आफ्रिकेला ३४–३२ असे हरवले. त्या स्पर्धेत जपान आशियाच्या पात्रता फेरीतूनच आला होता. मार खाण्यापासून मात करण्यापर्यंत वीस वर्षे लागली, आणि त्या वीस वर्षांत दार बंद झाले नाही, हे महत्त्वाचे.

हाँगकाँगची चिकाटी

जपान एवढा पुढे गेला की त्याला थेट प्रवेश मिळू लागला. मग आशियातल्या इतरांचे काय? २०१९ आणि २०२३ या दोन्ही वेळी आशियाला स्वतःची अशी पक्की जागाच नव्हती. आशियात पहिल्या आलेल्या संघाला पुढे पॅसिफिकच्या संघाशी भिडावे लागे.

हाँगकाँगने हे दोन्ही वेळा सोसले. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेला झालेल्या अंतिम पात्रता स्पर्धेपर्यंत पोचले, तिथे कॅनडाने जागा पटकावली. २०२२ मध्ये आधी टोंगाने हरवले, मग दुबईतल्या अंतिम स्पर्धेतही हात रिकामेच राहिले. २०२७ साठी संघ २४ झाले आणि आशियाला हक्काची एक जागा मिळाली. जुलै २०२५ मध्ये हाँगकाँगने दक्षिण कोरियाला इंचॉन इथे ७०–२२ असे हरवून आशियाचे विजेतेपद आणि पहिलावहिला विश्वचषक प्रवेश, दोन्ही मिळवले. आता त्यांच्या गटात न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि चिली आहेत. निकाल काय लागेल याचा अंदाज कोणीही बांधील, पण हाँगकाँगची मुले ते सामने घरी बसून बघतील तेव्हा आपला संघ बघतील.

आफ्रिकेतली कथा उलटी. नामिबिया १९९९ पासून २०२३ पर्यंत सलग सात विश्वचषक खेळला. जुलै २०२५ मध्ये युगांडातल्या कंपाला इथे अंतिम सामन्यात झिंबाब्वेने त्यांना ३०–२८ असे हरवले. दोन गुणांनी एका देशाची परंपरा तुटली आणि दुसरा देश १९९१ नंतर प्रथमच विश्वचषकात परतला.

आपल्या दारातली लढत

आता यू.ए.ई. कडे वळू. आखातात पूर्वी प्रत्येक देशाचा वेगळा रग्बी संघ नव्हता. बहारीन, कुवेत, ओमान, कतार, सौदी आणि यू.ए.ई. मिळून 'अरेबियन गल्फ' नावाचा एकच संघ खेळत असे. २०१० मध्ये तो आशियातल्या अव्वल पाच संघांच्या स्पर्धेत जपान, हाँगकाँग, कझाकस्तान आणि दक्षिण कोरियाबरोबर खेळला. त्यानंतर तो विसर्जित झाला आणि देशांनी आपापले संघ उभारले.

२०२५ च्या आशियाई स्पर्धेत चार संघ होते: हाँगकाँग, यू.ए.ई., दक्षिण कोरिया आणि श्रीलंका. यू.ए.ई. दुसरा आला आणि आफ्रिकेतल्या दुसऱ्या संघाशी, म्हणजे नामिबियाशी, त्याची गाठ पडली. तिथे नामिबिया जिंकला. ती लढत जिंकली असती तर यू.ए.ई. चा संघ दुबईतल्या अंतिम स्पर्धेत घरच्या मैदानावर खेळताना दिसला असता.

त्या अंतिम स्पर्धेत सामोआ, बेल्जियम, नामिबिया आणि ब्राझील असे चार संघ आले. प्रत्येकाचे तीन सामने, जागा एक. शेवटच्या दिवशी सामोआ आणि बेल्जियम समोरासमोर आले आणि सामना १३–१३ असा बरोबरीत सुटला. आधीच्या सामन्यांची गोळाबेरीज सरस असल्याने सामोआ पात्र ठरला. गंमत म्हणजे २०२२ मध्येही दुबईत असेच घडले होते. पोर्तुगाल आणि अमेरिका यांचा शेवटचा सामना १६–१६ असा सुटला आणि गोळाबेरजेवर पोर्तुगाल पुढे गेला. पुढच्याच वर्षी त्याच पोर्तुगालने विश्वचषकात फिजीला २४–२३ असे हरवले.

पासपोर्ट नव्हे, नाते

आता जो भाग आपल्या कुटुंबांना सर्वांत जवळचा आहे, तो पाहू. कोणत्या देशाकडून कोण खेळू शकतो?

वर्ल्ड रग्बी या जागतिक संस्थेचा नियम पासपोर्ट विचारत नाही. तो पुढीलपैकी एक गोष्ट विचारतो:

– खेळाडूचा जन्म त्या देशात झाला आहे का?
– आई, वडील, आजी किंवा आजोबा यांपैकी कोणाचा जन्म त्या देशात झाला आहे का?
– खेळाडू लागोपाठ ६० महिने त्या देशात नोंदणीकृत खेळाडू म्हणून खेळला आहे का?
– किंवा तो एकूण दहा वर्षे त्या देशात राहिला आहे का?

पूर्वी तिसऱ्या अटीत पाच वर्षांऐवजी तीन वर्षांचे वास्तव्य पुरत असे. मुदत वाढवली ती श्रीमंत देशांनी गरीब देशांचे खेळाडू पळवू नयेत म्हणून. २०२२ पासून आणखी एक सोय झाली. एका देशाकडून खेळलेला खेळाडू तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहिला तर एकदाच आपल्या जन्माच्या किंवा आईवडील, आजीआजोबांच्या देशाकडे जाऊ शकतो. न्यूझीलंडकडून खेळलेले लिमा सोपोआगा २०२३ च्या विश्वचषकात सामोआकडून खेळले ते याच नियमाने.

हे नियम कागदावरचे नाहीत. २०२३ च्या स्पर्धेसाठी स्पेन मैदानावर पात्र ठरला होता. पण एका खेळाडूने वास्तव्याची अट पूर्ण केली नव्हती आणि कागदपत्रांत फेरफार झाल्याचे उघड झाले. २०२२ मध्ये स्पेनचे गुण कापले गेले, त्यांची जागा रुमानियाला गेली आणि पोर्तुगालला दुबईची संधी मिळाली. एका माणसाच्या कागदांमुळे सगळ्या संघाची चार वर्षे वाया गेली. आपल्यासारख्या, व्हिसा आणि नोंदी जपत जगणाऱ्या माणसांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता आपल्या घरातले उदाहरण घ्या. आजी-आजोबा सांगलीचे, आईवडील पुण्याचे आणि मूल जन्मले दुबईत. जागतिक नियमाप्रमाणे हे मूल रग्बीत यू.ए.ई. कडूनही खेळू शकते आणि भारताकडूनही. जन्माने इथले, आजी-आजोबांमुळे तिथले. इथे आयुष्य काढूनही आपल्याला इथले नागरिकत्व सहसा मिळत नाही. पण खेळाच्या या एका मैदानावर इथला जन्म आणि इथली वर्षे मोजली जातात. भारताकडून खेळण्यासाठी मात्र भारतीय नागरिकत्व हवे, असे धोरण भारत सरकारने २००८ मध्ये ठरवले. आपल्या मुलांचे पासपोर्ट बहुधा भारतीयच असल्याने आखातातल्या कुटुंबांना त्याची अडचण येत नाही. अमेरिकेतल्या आपल्या भाचरांना येऊ शकते. आणि ऑलिंपिकमध्ये सात-सात खेळाडूंची रग्बी असते, तिथे नागरिकत्व लागतेच, हेही ध्यानात ठेवावे.

भारत कुठे आहे?

भारतात रग्बी नवी नाही. इंग्लंड-स्कॉटलंड लढतीचा प्रसिद्ध 'कलकत्ता कप' हा कलकत्त्यातला क्लब बंद झाल्यावर त्याच्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून घडवलेला आहे. मुंबईत फोर्टजवळून जाताना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पण भारताचा राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो १९९८ मध्ये, सिंगापूरविरुद्ध. २०२५ मध्ये आशियातल्या वरच्या चार संघांत भारत नव्हता. म्हणजे भारताला आधी आशियातल्या वरच्या पायरीवर यायचे आहे, मग तिथे पहिले यायचे आहे. रस्ता लांब आहे, पण आहे.

आमचे एवढेच म्हणणे आहे की आपल्या घरातले मूल शाळेतून रग्बीच्या सरावाचा कागद घेऊन आले तर तो लगेच बाजूला टाकू नका. शिक्षकांना विचारा, लहान वयात अंगावर न पडता खेळायचे प्रकारही असतात, त्यांची चौकशी करा. सगळीच मुले विश्वचषकाला जाणार नाहीत हे उघड आहे. पण ज्या पात्रतेच्या वाटेवर हाँगकाँग आणि सामोआ चालले, त्या वाटेची एक पायरी आपल्या दारातून जाते. निदान पुढच्या वेळी 'द सेव्हन्स' वर सामना असेल तेव्हा डबा बांधून, मुलांना घेऊन जाऊ या. कोण कोणत्या जागेसाठी खेळते आहे ते आता आपल्याला सांगता येईल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

– संपादक मंडळ