गहू वर्ज्य, पण भाकरी आहे ना!

खाऊनपिऊन सुखी घरातले एखादे मूल वाढतच नाही. पोट फुगलेले, हातपाय काड्या, जुलाब थांबत नाहीत, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त भरत नाही. आपण जंताचे औषध देतो, दृष्ट काढतो.

अशाच एका घरी माझे जाणे-येणे होते. विहिरीला पाणी लागले तेव्हा ज्वारी मोडून गहू करा, असे मीच सांगितले होते. घरात भाकरी मागे पडली, पोळी आली. पाच वर्षांची नात मात्र खंगत गेली. अखेर डॉक्टरांनी निदान केले : सिलिअ‍ॅक.

गव्हाच्या कणकेला जो चिकटपणा असतो तो ग्लूटेन ह्या प्रथिनाचा. काहींच्या शरीराला ते मानवत नाही. आतड्याच्या आतले बारीक केसांसारखे उंचवटे झडतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. हा आजार संसर्गाचा नाही, पण रक्ताच्या नात्यात आढळतो. म्हणून भावंडांचीही तपासणी करावी. शंका आली म्हणून आपल्या मनाने गहू बंद करू नका. रक्ताच्या व आतड्याच्या तपासणीआधीच गहू सोडला तर निदान चुकते.

निदान झाल्यावर मात्र गहू आणि जव जन्मभर बंद. रवा, मैदा, शेवया, दलिया, पाव, बिस्किटे, सारे आले. खपली, बन्सी किंवा सेंद्रिय गहूही चालत नाही, तोही गहूच. बाजारचा हिंग, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि सातूचे पीठ ह्यांतही गहू किंवा जव असू शकतो.

मग खायचे काय? ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, मका, तांदूळ, राजगिरा, सर्व डाळी, दूध, अंडी, भाजीपाला. आपल्या आजीचेच जेवण!

खरी गोम पुढे आहे. त्या घरी गहू बंद करूनही पोरीचे पोट दुखेना का थांबेना. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली जात होती. म्हणून :

• तिचे दळण घरच्या जात्यावर किंवा वेगळ्या घरघंटीवर काढा.
• मळणी यंत्रात गहू झाला असेल तर ज्वारीआधी यंत्र झाडून घ्या. धान्य निवडून, वेगळ्या कणगीत ठेवा.
• परात, तवा, पीठ चाळायची चाळणी वेगळी ठेवा.
• शाळेत गुरुजींना व स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सांगून ठेवा.

सणाला पोर रुसते. तिला पुरण वाटीत तूप घालून द्या, तांदळाच्या पिठीचे मोदक करा, प्रसादाचा शिरा तांदळाच्या रव्याचा करा. ‘एक घास पोळीने काय होते?’ असे आजीने प्रेमाने म्हटले, तरी तो घास देऊ नका.

ती नात आता तिसरीत आहे. अंगाने भरली आहे. आजोबांनी यंदा रब्बीत दोन एकर मालदांडी पेरली. ह्या वेळी सल्ला त्यांनीच मला दिला : “साहेब, गहू विकायला करू, ज्वारी घरापुरती ठेवू.”